छाट कुणाच्या खिशातून?

कुठल्याही कारखान्यात, वखारीत किंवा घरातल्या पडवीत चाललेल्या कामाच्या जागी गेलो की मी आधी एकच गोष्ट विचारतो. इथं माल बिघडला तर पैसे कुणाचे जातात? यंत्रं कुठली, ऑर्डर कुणाची, दिवसाचं उत्पादन किती, हे सगळं नंतर. ज्याच्यावर भुर्दंड पडतो त्याच्याच हातात बिघाडाचं कारण दूर करायची सत्ता असेल, तर तिथलं काम वर्षागणिक सुधारत जातं. भुर्दंड एकावर आणि सत्ता दुसऱ्याकडे असेल, तर तिथं पिढ्या बदलतात आणि बिघाड तोच राहतो. उत्पादन व्यवस्थापनाचा पाया मला इथं दिसतो. निपाणी आणि बेळगाव यांच्यातल्या पाऊणशे किलोमीटरांत या दोन्ही तऱ्हा बघायला मिळतात.

मी निपाणीचा. आई विड्या वळायची. माझी नोकरीची सगळी वर्षं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, ओतकामाच्या कारखान्यातल्या गुणवत्ता विभागात गेली. आता इथल्या एका महाविद्यालयात व्यवस्थापनाच्या मुलांना शिकवतो. मुलं हुशार आहेत. कच्चा माल, प्रक्रिया, पक्का माल ही तीन चौकटींची आकृती फळ्यावर झटक्यात काढतात. फोर्डची असेंब्ली लाइन आणि टोयोटाचं जस्ट इन टाइम त्यांना तोंडपाठ आहे. यांच्यातल्या कितीतरी जणांच्या आज्या आणि मावश्या विड्या वळत होत्या, तंबाखूच्या वखारीत चाळणीवर उभ्या होत्या. तोही उत्पादनाचाच उद्योग, त्यालाही व्यवस्थापन आहे आणि ते चांगलं किंवा वाईट असू शकतं, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मला हे खटकतं, म्हणून हा लेख.

विडीचं काम नीट बघा. टेंभुर्णीची, म्हणजे तेंदूची, पानं भिजवायची, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची. मऊ पडली की पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीनं कापायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पान तळहातावर, त्यात चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोऱ्याचे वेढे, मग तोंड दुमडून बंद. हात बसलेली बाई दिवसाला आठशे ते हजार विड्या वळते. पंचविसांचं बंडल, आणि मजुरी हजारावर. माल घेऊन ठेकेदाराकडे गेलं की तिथं चेकर बसलेला असतो. तो बंडल उचलतो, बोटांनी चाचपतो. ही बारीक, ही सैल, हिचं पान फुटलंय, असं म्हणत विड्या बाजूला टाकत जातो. ती छाट. छाटलेल्या विडीची मजुरी मिळत नाही. शिवाय हजार विड्यांसाठी मोजून दिलेलं पान हजारालाच पुरलं पाहिजे, असा हिशेब. पुरलं नाही तर बाईनं पदरचे पैसे घालून बाजारातून पान आणायचं आणि हजार भरून द्यायचे. हजारात पन्नास विड्या छाटल्या, तर दहा तासांच्या दिवसातला अर्धा तास फुकट गेला. पानाचे पैसे वेगळे.

आता त्या पन्नास विड्या का बिघडल्या? तेंदूपान उन्हाळ्यात तोडतात. विदर्भातून, छत्तीसगडमधून, ओडिशातून पोती भरून येतात आणि पुढचे कितीतरी महिने गोदामात पडून असतात. जुनं पान कडक होतं, वळताना चिरतं. ओल लागलेल्या पानावर डाग पडतात, बुरशी धरते. पान बारीक आलं तर एका पानातून एकच तुकडा निघतो, मोठं असेल तर दोन. तंबाखूत भुकटी जास्त असेल तर विडी सैल राहते, देठाचे तुकडे जास्त असतील तर पान फाटतं. पान कुठल्या फडावरचं घ्यायचं, किती दिवस साठवायचं, गोदामाचं छप्पर कधी दुरुस्त करायचं, तंबाखूची मिसळ कशी करायची, यातलं काहीही विडी वळणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही. तिच्या हातात फक्त तिची बोटं. बोटांची चूक असते, नाही असं नाही. नवी पोर शिकत असते, ताप अंगावर काढून कुणी बसलेली असते. पण आमच्या गल्लीत पावसाळा लागला की सगळ्याच बायकांची छाट वाढायची. तीस वर्षं विड्या वळलेल्या मावशीची आणि काल कात्री हातात घेतलेल्या मुलीची, दोघींची एकाच आठवड्यात वाढायची. सगळ्यांची बोटं एकाच आठवड्यात कशी बिघडतील?

हा प्रश्न तिथं कुणी विचारला नाही, कारण कुणाला तो विचारायची गरज पडली नाही. छाट किती निघाली हे कार्डावर लिहिलं जायचं. का निघाली, पान कुठल्या पोत्यातलं होतं, ते पोतं कधी उघडलं, हे कुठंच लिहिलं जायचं नाही. छाटीचे पैसे मजुरीतून वळते झाले की ठेकेदाराचा हिशेब पुरा व्हायचा. आईचा हिशेब तिथं सुरू व्हायचा, आणि तो रात्री चिमणीच्या उजेडात जादा विड्या वळून मिटायचा.

पुढं बेळगावात मी तोच पावसाळा दुसऱ्या बाजूनं बघितला. इथला जुलै-ऑगस्ट बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. भिंतींना घाम फुटतो, वह्यांची पानं मऊ पडतात. ओतकामात या दमट हवेचा फटका कोअरला बसतो. कास्टिंगच्या आतली पोकळी राहावी म्हणून साच्यात जो वाळूचा गाभा ठेवतात, तो कोअर. तो हवेतली ओल ओढून घेतो. चौदाशे अंशांचा धातूचा रस त्याला भिडला की त्या ओलीची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर धातूत बुडबुडे राहतात. त्याला आम्ही ब्लो होल म्हणतो. वाईट हे, की बरेच ब्लो होल कातडीखाली असतात. वरून कास्टिंग निर्मळ दिसतं. गिऱ्हाइकाच्या मशिनवर पहिला काप घेतला की भोक उघडं पडतं. मग कास्टिंग परत, सोबत डेबिट नोट. त्यात कास्टिंगची किंमत, त्यावर झालेल्या मशिनिंगचा खर्च, वाहतूक, सगळं आमच्या नावावर.

एका पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या एका हाउसिंगवर अशा डेबिट नोटांची रांग लागली. फोरमनचं पहिलं वाक्य ठरलेलं, मोल्डर (साचे बनवणारे) लक्ष देत नाहीत, त्यांचा बोनस कापा. आम्ही बोनसाला हात लावला नाही. परत आलेल्या प्रत्येक कास्टिंगचा हीट नंबर, म्हणजे ते कुठल्या ओतकामातलं ते सांगणारा क्रमांक, घेतला. त्यावरून तारीख काढली, पाळी काढली, मोल्डर कोण होता ते काढलं, कोअर कुठल्या दिवशी बनले ते काढलं, आणि एका मोठ्या कागदावर सगळं मांडत गेलो. कुठल्याही मोल्डरच्या नावापुढं गर्दी दिसेना. रात्रपाळी-दिवसपाळीतही फरक नव्हता. गर्दी होती ती शेडच्या उघड्या बाजूला दोन-तीन दिवस पडून राहिलेल्या कोअरच्या रकान्यात. कोअरशॉपचं काम वेगानं व्हायचं, त्यामुळं कोअर पुढचे तीन दिवस पुरतील इतके आधीच बनवून ठेवायची पद्धत होती. साठा भरलेला दिसला की सगळ्यांना बरं वाटायचं. तो साठाच ओल पीत बसलेला होता.

मग मालकांनी कोअरसाठी बंद खोली करून दिली, तिच्यात हीटर बसवला. प्रत्येक रॅकवर खडूनं तारीख आणि वेळ लिहायची, आधी बनलेला कोअर आधी वापरायचा, ठरलेल्या तासांच्या वर पडलेला कोअर साच्यात जाऊ द्यायचा नाही. कोअर बनवायचे ते उद्याच्या ओतकामापुरतेच. पुढच्या पावसाळ्यात त्या हाउसिंगच्या डेबिट नोटा तुरळक झाल्या. मालक भले होते, पण खोली भलेपणातून झाली नाही. डेबिट नोट त्यांच्या टेबलावर यायची म्हणून झाली. मोल्डरचा बोनस कापून ती रक्कम वसूल करायची मुभा त्यांना असती, तर ती खोली आजतागायत झाली नसती असं मी खात्रीनं सांगतो.

ओल तीच, आभाळही तेच. बेळगावात तिचा खर्च मालकावर आला म्हणून कोअरला खोली मिळाली. निपाणीत तिचा खर्च बाईवर गेला म्हणून पान गळक्या गोदामातच राहिलं.

याचं शास्त्र जगात जुनं आहे. वॉल्टर शूहार्टनं अमेरिकेत १९२४ साली नियंत्रण आलेख मांडला, तो हेच वेगळं करण्यासाठी: व्यवस्थेतच मुरलेला चढउतार कुठला आणि एखाद्या विशिष्ट कारणानं आलेला कुठला. त्याचा वारसा चालवणारे एडवर्ड्स डेमिंग १९५० साली जपानी उद्योजकांपुढं व्याख्यानं द्यायला गेले. पुढं आपल्या शिबिरांत ते लाल मण्यांचा प्रयोग करत. पेटीत बरेच पांढरे आणि थोडे लाल मणी मिसळलेले. कामगार झालेल्या माणसांनी पन्नास खळग्यांची फळी पेटीत बुडवायची आणि फक्त पांढरे मणी काढायचे. लाल कमी आले त्याला शाबासकी, जास्त आले त्याला दम, शेवटी काहींना घरी पाठवायचं. माणसं कितीही झटली तरी लाल मणी येतच राहतात, कारण पेटी भरली ती व्यवस्थापनानं. मी हा प्रयोग वर्गात करतो आणि मुलांना सांगतो, सुपातली पानं कुणी भरली ते आधी बघा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो मी हलका मानत नाही. छाट कापली नाही तर बायका कशाही विड्या वळतील, कामगार बेफिकीर होईल. माझा अनुभव सांगतो, बेफिकीर माणूस असतो, पण नोंद ठेवली की तो वेगळा उठून दिसतो. एकाच पोत्यातलं पान घेतलेल्या वीस बायकांत अठरा जणींची छाट सारखी आणि दोघींची दुप्पट असेल, तर त्या दोघींशी बोला, शिकवा, नाही सुधारलं तर कारवाई करा. विसाही जणींची एकदम वाढली तर पोतं तपासा. आज नोंदच नाही, त्यामुळं निष्काळजी बाई आणि वाईट पान यांतला फरक करायचं साधन कुणाजवळ नाही, आणि दोन्हींची किंमत सरसकट मजुरीतून जाते. ठेकेदाराचीही बाजू आहे. वरची कंपनी त्याच्याकडूनही माल कापून घेते, तो ते खाली ढकलतो. जिच्या खाली ढकलायला कुणी उरत नाही, तिथं ते येऊन थांबतं.

कायद्याला हे कळलेलं होतं. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याच्या ३९ व्या कलमात कच्चा माल देण्यावरून, माल नाकारण्यावरून आणि नाकारलेल्या मालाच्या मजुरीवरून होणाऱ्या तंट्यांचा स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे पान आणि छाट एकाच वाक्यात आणून ठेवली होती. निपाणीनं लढाही दिला. प्रा. सुभाष जोशी यांनी वखारीतल्या तंबाखू कामगार बायकांना संघटित केलं. त्या बायकांच्या लढ्यावर दीपा धनराज आणि त्यांच्या ‘युगांतर’ गटानं १९८२ मध्ये चित्रपट काढला. त्याच सुमारास, १९८१ साली, तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीत महामार्गावर ठाण मांडून बसले आणि ६ एप्रिलला त्यांच्यावर गोळीबार झाला. आमच्या पिढीनं तो दिवस विसरायचा म्हटला तरी विसरता येत नाही. या लढ्यांनी मजुरी आणि भाव हे प्रश्न चव्हाट्यावर आणले. पोत्यातल्या पानाच्या प्रतीचा प्रश्न मात्र पुन्हा एकेका बाईच्या आणि चेकरच्या हुज्जतीतच राहिला.

केरळात दुसरा रस्ता निघाला. याच १९६६ च्या कायद्याची अंमलबजावणी सुरू झाल्यावर कण्णूर भागातल्या मोठ्या खासगी विडी कारखानदारांनी तिथलं काम बंद केलं. बेकार झालेल्या कामगारांनी १९६९ मध्ये दिनेश विडी ही सहकारी संस्था उभी केली. पान घेणारेही तेच आणि विडी वळणारेही तेच. खराब पान घेतलं तर त्याचा तोटा संस्थेच्या ताळेबंदात येणार. भुर्दंड आणि सत्ता एकाच घरात आली की काय होतं, हे शिकवायला मी परदेशातलं उदाहरण का शोधू?

विडी आरोग्याला घातक आहे, हा धंदा आटतोय, आणि तो आटावा असंच मलाही वाटतं. माझ्या आईच्या छातीतली घरघर मी ऐकली आहे. पण जोवर बायका तिथं बसल्या आहेत तोवर त्यांचा हिशेब चोख झाला पाहिजे. शिवाय ही गोष्ट विडीबरोबर संपणारी नाही. चंदगडच्या काजूकडे बघा. काजूगर सोलताना किती सबंध राहतो आणि किती तुकडा होतो, हे बरंचसं सोलणारीच्या हाती गर येण्याआधीच ठरलेलं असतं. बी नीट वाफवली का, गर भट्टीत बरोबर सुकला का, यावर त्याची साल सुटणं अवलंबून असतं. जिथं मजुरी सबंध गरावर मोजतात तिथं भट्टीची चूक सोलणारीच्या पगारात उतरते.

ऊस तर आपल्या सगळ्यांच्या दारातला. तोडलेला ऊस गाळायला जितका उशीर, तितकं वजन आणि साखर कमी. यार्डात शंभर गाड्या उभ्या असतील आणि तासाला दहा रिकाम्या होत असतील, तर शेवटच्या गाडीला दहा तास लागणार. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगेचं हे गणित सिद्ध केलं, पण बैलगाडीवाल्याला ते आधीपासून ठाऊक आहे. काट्यावर चढण्याआधी वाळलेल्या उसाच्या वजनाचा तोटा शेतकऱ्याचा. रांगेत घालवलेली रात्र ड्रायव्हरची. तोडणीचा कार्यक्रम आणि गाळपाचा वेग यांचा मेळ घालायची सत्ता ज्या साखर कारखान्याकडे आहे, त्याला रांगेचं बिल येत नाही. म्हणून हंगाम येतात, जातात, रांग तेवढीच राहते. उलट गाळप थांबलं तर तोटा त्याचा, म्हणून तो शंभर गाड्या आधीच बोलावून ठेवतो. त्याच्या जागेवरून बघितलं तर त्याचं बरोबरच आहे, आणि म्हणूनच त्याला उपदेश करून भागणार नाही. यार्डात शिरल्याची वेळ पावतीवर छापा आणि ठरावीक तासांच्या पुढच्या प्रत्येक तासाचे पैसे गाडीला द्या. कार्यक्रम आपोआप सुधारेल.

भुर्दंड आणि सत्ता एकाच हाती ठेवणं बेळगावला जमणारच नाही असं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथं सायकलचं दुकान काढलं, पुढं इथंच लोखंडी नांगर केले. लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळं पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. ती दोन वर्षं त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली. आमच्या काळात पॉलीहायड्रॉनच्या सुरेश हुंद्रे यांनी हायड्रॉलिक्सचा कारखाना पारदर्शक हिशेब आणि कामगारांवरचा विश्वास यांवर चालवून दाखवला आणि आपली पद्धत ते सगळ्यांना उघडपणे सांगत राहिले. उद्यमबागेतल्या कितीतरी छोट्या कारखान्यांत आज रिजेक्शनचा फलक दारातच लावलेला दिसतो, कारणांसकट. ही शिस्त उत्तरेला पाऊणशे किलोमीटर न्यायची आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. महाविद्यालयांनी व्यवस्थापनाच्या मुलांना पुण्याच्या मोटार कारखान्याची सहल घडवण्याआधी एक महिना निपाणीच्या विडी केंद्रावर, चंदगडच्या काजू युनिटमध्ये किंवा साखर कारखान्याच्या ऊसयार्डात बसवावं आणि बिघाड कुठून येतो याची नोंद करायला लावावी. कामगार खात्यानं तपासणीला गेल्यावर मजुरीच्या रजिस्टरसोबत छाटीच्या कारणांचं रजिस्टर मागावं. आणि विडी कामगार बाईच्या कार्डात चार रकाने वाढवावेत: पानाच्या पोत्याचा क्रमांक, दिलेल्या पानाचं वजन तिच्यासमोर केलेलं, छाटीचं कारण, आणि त्या पोत्यातून त्या दिवशी सगळ्या मिळून किती छाट निघाली. एका पोत्याची छाट ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली तर त्या पोत्याच्या छाटलेल्या विड्यांची मजुरी कापायची नाही, पोतं ज्यानं विकत घेतलं त्यानं ती भरायची. यंदाच्या पावसाळ्याच्या आधी एका तालुक्यात हे करून बघा, आणि ऑक्टोबरात ती कार्डं माझ्या मुलांच्या हातात द्या. ती आकडे मांडून देतील.